देवाचं खत

नाव दगडाबाई, काळीज मात्र चिमणीचं. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिला दगड म्हणलं, यमाचं लक्ष जायला नको म्हणून. यमानं ते ऐकलं की नाही तोच जाणे, पण बाई जन्मभर साऱ्या दुनियेला भीत आली. पालीला भ्यायची, पोलिसाला भ्यायची, जीपमध्ये बसली की डोळे गच्च मिटून घ्यायची. झरीहून लेकाकडं परभणीला राहायला आली तेव्हा गॅसच्या शेगडीजवळ जाईना. सून सविता हसून बेजार झाली. "आत्याबाई, ती काय वाघ हाय का?" म्हणायची.

मातीला मात्र ती कधी भ्याली नाही. नवरा आश्रुबा होता तोवर झरीच्या रानात तिच्या हातातलं खुरपं सुटलं नाही. तो गेला, रान बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं, आणि मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कामाला असलेला लेक महारुद्र तिला घेऊन आला. गल्लीतलं घर, खाली दोन खोल्या, वर उघडी गच्ची. सुरुवातीला बाई त्या गच्चीवर नुसती बसून राहायची, करायला काही नाही, बोलायला कुणी नाही. मग एकदा शेजारच्यांनी फुटकी पाण्याची टाकी भंगारात काढली. ती हिनं मागून घेतली, महारुद्रकडून मधोमध कापून घेतली, माती भरली आणि मेथी टाकली. झालं, तिथून बाईला चळच लागला. रंगाचे डबे, थर्माकोलची खोकी, मोडके टब, जे दिसेल ते वर जाऊ लागलं. वर्षा-दोन वर्षांत वांगी, मिरच्या, अळू, अंबाडी, माठाची भाजी, दोडक्याचे वेल, असं सगळं गच्चीवर दाटलं आणि कपडे वाळत घालायला जागा उरली नाही म्हणून सविता रोज तोंड वाजवू लागली.

झरीत एक रीत होती. रानात जे पहिलं निघेल त्याचा वानवळा आधी शेजारीपाजारी जायचा, मग घरच्या चुलीवर चढायचं. पहिला घास शेजाऱ्याचा. दगडाबाईनं गच्चीवरच्या दीड पेंडी भाजीलाही तोच कायदा लावला. "आपल्यालाच पुरंना अन् गावाला वाटायल्या," असं सविता म्हणायची. म्हणू दे. गल्लीत भाजी पोचली की दगडाबाईला या शहरात आपलं कुणीतरी आहे असं वाटायचं, आणि हे ती कुणाला सांगत नव्हती.

आता खताचं ऐका, कारण सगळं रामायण तिथून झालं. गल्लीच्या टोकाला महादेवाचं देऊळ आहे. तिथलं निर्माल्य आधी नाल्यात जायचं. दगडाबाईचा जीव तुटायचा. एक दिवस धीर करून तिनं पुजाऱ्याला म्हणलं, मला द्या. तेव्हापासून दर सोमवारी पिशवी भरून हार, बेल, फुलं तिच्या गच्चीवरच्या पिपात जाऊ लागली. वरून थोडं शेण, थोडी माती. काळंभोर, सुगंधी खत निघायचं. बायका म्हणायच्या, मावशीची भाजी गोड लागते, देवाचं खत हाय ना. बाईलाही तसंच वाटायला लागलं. म्हणलं तर एवढीच चूक.

कारण महाशिवरात्रीला महादेवाला धोतरा वाहतात. पांढरी भोंग्यासारखी फुलं आणि हिरवी काटेरी बोंडं. त्या वर्षी निर्माल्याच्या पिशव्याच्या पिशव्या आल्या. पिपात कालवताना बोंडाचे काटे तिच्या तळहाताला टोचलेसुद्धा. हीच बाई झरीच्या रानात धोतऱ्याचं रोप दिसलं की मुळासकट उपटून बांधावर फेकायची, गुराच्या तोंडाला लागू नये म्हणून. पण ही बोंडं पिंडीवरून आलेली. देवाच्या अंगावरून उतरलेल्या वस्तूत विष शोधायचं कसं? तिनं हात जोडले आणि पिपावर झाकण ठेवलं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. गेल्या दिवाळीपासून तिला सगळं दुधाच्या सायीतून बघितल्यासारखं दिसायचं. मोतीबिंदू असणार हे तिला कळत होतं. पण सांगितलं की दवाखाना, डोळ्याला सुरी, आणि महारुद्र जिना चढू देणार नाही तो नाहीच. त्या भीतीनं बाई गप्प राहिली. अंदाजानं पायऱ्या चढायची, हाताच्या अंदाजानं भाजी खुडायची.

आषाढ लागला होता. शेजारच्या कुसुमची लेक अर्पिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा सरत आलेला. पोरीच्या तोंडाला चव नव्हती. कुसुम भिंतीवरून म्हणाली, "आक्का, पोरगी काहीच खाईना झालीय. माठाची भाजी खावी वाटायली म्हणते. हाय का तुमच्याकडं?"

दगडाबाईला केवढा आनंद झाला. टाकीच्या हौदात नवं खत घालून टाकलेला माठ वीतभर आला होता, कवळा लुसलुशीत. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला ती वर गेली. मिरच्यांना शेण-गोमूत्राचं पाणी घातलं आणि त्याच हातानं माठ खुडायला बसली. हाताला त्या पाण्याचाच वास, डोळ्यांपुढं साय, आणि मनात पोटुशी पोरगी. मूठ भरायची, खुडायची. मोठी पेंडी कुसुमकडं दिली, लहान समोरच्या धम्मशीलाकडं. धम्मशीला शाळेत शिकवायची, घाईत होती, तिनं दारातच पिशवी घेतली. घरात एक काडी ठेवली नाही. रीतच तशी.

दुपारी जरा पडून बाई पुन्हा वर गेली. हौदात मागं राहिलेली रोपं काढून जागा मोकळी करावी म्हणून तिनं एक रोप ओढलं. पान बोटात चुरगळलं आणि वास आला. उग्र, डोकं उठवणारा. साठ वर्षांत कधी विसरली नसती असा उकिरड्याकडचा वास. तिनं रोप नाकाशी नेलं, मग डोळ्यांना पार टेकवलं. देठ जांभळट. पानाची कड वाकडीतिकडी.

धोतरा.

ती हौदाच्या कडेला बसली आणि बोटांनी बाकीची रोपं चाचपू लागली. हा माठ. हा माठ. हा धोतरा. हा पण धोतरा. एकाला एक लागून, पाठच्या बहिणींसारखी वाढलेली. सकाळी मुठीमुठीनं खुडलं होतं तिनं. त्यातलं किती गेलं असेल, कुणाकडं किती गेलं असेल, काही सांगता येईना. झरीत तिच्या लहानपणी एका गड्यानं धोतऱ्याचं बी खाल्लं होतं. तो दिवसभर हवेतल्या माशा धरत फिरला आणि संध्याकाळी गेला. ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

खरं सांगायचं तर तिला आधी आठवली ती अर्पिता नव्हे. आधी आठवला पोलीस. मग महारुद्रची नोकरी, मग पेपरात आलेलं नाव. भ्यालेल्या माणसाचं मन असंच पळतं, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. तिनं भराभरा सगळी रोपं उपटली, माठ आणि धोतरा मिळून, आणि एका पिशवीत कोंबली. आता हौद मोकळा. कुणी बघायला आलं तर नुसती माती. कुणाला काय कळणार होतं?

पिशवी हातात घेऊन ती जिना उतरली. समोर धम्मशीला शाळेतून येऊन नुकतीच दारात भाजी निवडायला बसली होती.

"पोरी, ती भाजी शिजवू नको. किडकी निघाली. दे इकडं."

"कुठं किडकी हाय मावशी? चांगली दिसायलीय की."

"दे म्हणते ना."

धम्मशीलानं गोंधळून ताट पुढं केलं. बाईनं भाजी पिशवीत ओतली. एक घर तर वाचलं. आता कुसुमकडं जायचं, तिथंही किडकी म्हणायचं, आणि मग पिशवी नाल्यात. ती वळली तोच धम्मशीला म्हणाली, "कुसुमकाकूच्या घराला कुलूप हाय मावशी. तुमाला म्हाईत न्हाई का? अर्पिताला दवाखान्यात नेलंय. जेवण झाल्यावर काय तरी बरळायला लागली म्हणे. आईला वळखंना. हवेतलं काय तरी वेचायली होती."

दगडाबाई पायरीवर बसली. बसली म्हणजे काय, पडलीच. धम्मशीला पाणी आणायला उठली तर हिनं तिचा पदर धरला.

"पाणी नको. मला दवाखान्यात ने."

"तुमाला बरं वाटंना का?"

"ने गं माय. विचारू नको."

धम्मशीलाच्या स्कूटीवर बसायला ती एरवी मेली तरी तयार झाली नसती. आता बसली, पिशवी पोटाशी धरून. रस्ताभर तिच्या तोंडात एकच वाक्य येत होतं: थांब, परत जाऊ. बसस्टँडजवळ स्कूटी गर्दीत अडकली तेव्हा ते ओठांपर्यंत आलं. तिथं एक पोलीस उभा होता, शिट्टी वाजवत. दगडाबाईनं डोळे मिटले. पोरीच्या पोटातलं लेकरू तिला दिसत होतं, मोतीबिंदूशिवाय, लख्ख. तिनं ते वाक्य गिळलं.

दवाखान्यात वरच्या मजल्यावर कुसुम भिंतीला टेकून उभी होती. शेजारी तिचा जावई योगीराज, पाथरीहून नुकताच आलेला, अंगावर रस्त्याची धूळ. आतून अर्पिताचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी भांडत होती, आणि आत तर भांडायला कुणी नव्हतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि योगीराजला म्हणाल्या की असं वागणं म्हणजे झटक्यांची सुरुवात असू शकते, रक्तदाब मात्र तसा वाटत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या का झाल्यात तेही कळत नाही, पण धोका घेता येणार नाही. अजून तासभर बघू, नाहीतर पोट उघडून बाळ काढावं लागेल.

"सातव्या महिन्यात?" योगीराज म्हणाला.

"हो."

दगडाबाईला बोलायचं होतं. आवाज निघेना. डॉक्टरीणबाई वळून निघाल्या. तेव्हा बाईनं पिशवीच उलटी केली. माती, मुळं, पानं, सगळं त्या पांढऱ्या फरशीवर पडलं आणि सगळ्यांनी वळून बघितलं.

"धोतरा हाय," ती म्हणाली. "माझ्या भाजीत गेला. मी दिलेली भाजी खाल्ली तिनं. मला दिसत न्हाई नीट. मी दिली."

मग डॉक्टरीणबाई खाली वाकल्या, जांभळ्या देठाचं एक रोप उचललं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "किती खाल्ली भाजी?" त्यांनी कुसुमला विचारलं.

कुसुमनं जावयाकडं बघितलं. "दोन घास. जास्त न्हाई. तिला जेवणच जाईना झालंय."

डॉक्टरीणबाई रोप घेऊनच आत गेल्या. धम्मशीला दगडाबाईकडं बघत राहिली, तिला आता किडक्या भाजीचा अर्थ लागला होता. तरी तिनं बाईचा दंड धरून तिला बाकावर बसवलं. योगीराज समोर येऊन उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो सावकाश म्हणाला, "आजी, तुमच्या भरवशावर आमी बायको माहेरी पाठवली न्हवती." एवढंच म्हणून तो खिडकीकडं गेला. दगडाबाई फरशीवरची माती हातानं गोळा करू लागली, तर दवाखान्याची सफाईवाली झाडू घेऊन आली आणि म्हणाली, राहू द्या.

बाळ काढायचं तूर्त थांबवलं होतं. औषध सुरू झालं होतं. आतला आवाज मात्र कमी होईना. उलट वाढला. अर्पिता आता रडत होती, भिंतीवरून मुंग्या यायल्यात म्हणत होती. नर्स येऊन सांगून गेली, एवढ्याशानं एवढं व्हायला नको होतं, डॉक्टर बघतायत. धम्मशीला महारुद्रला कळवायला गेली, योगीराज चहाला म्हणून खाली उतरला आणि कुसुम बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली.

मग म्हणाली, "देवाचं खत म्हणून सांगत होता तुमी."

"व्हय."

"मीबी तेच म्हणले पोरीला." कुसुमचा आवाज एकदम खाली आला. "आक्का, दोन घास न्हाई. ती पहिल्या घासालाच म्हणली, आई, कडू लागायलं. मी म्हणले, पोटुशीच्या तोंडाला सगळंच कडू लागतं, नखरे करू नको. म्हणले, आक्कानं देवाच्या खताची दिलीय, वाया घालवू नको. तिच्यापुरतीच केली होती, मी तोंडात घातली न्हाई. वाटीभर खाऊ घातली. पुन्हा अर्धी. बळंच. ती नको नको म्हणत होती."

दगडाबाईनं तिच्याकडं बघितलं. धूसर दिसत होतं, तरी एवढं कळलं की कुसुमही तितकीच भ्यालेली आहे. बाईच्या मनात आलं, आता दोष एकटीचा राहिला नाही. आणि त्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली.

"जा, डॉक्टरीणबाईला सांग."

"जावई हाय तिथं. पहिलं बाळंतपण, माझ्या जिम्म्यावर पाठवलीय. सासरचे जन्मभर म्हणत्याल, आईनंच विष चारलं."

"म्हणू देत."

"तुमाला काय जातंय म्हणायला?"

"माझं जायचं ते गेलं कुसुम," दगडाबाई म्हणाली. "ऊठ. मी येते संगं."

त्या दोघी उठल्या तेव्हा योगीराज जिना चढून वर येतच होता. त्याच्यादेखतच सांगावं लागलं. कुसुम सांगताना दाराची चौकट घट्ट धरून होती. दीड वाटी, ती म्हणाली. कडू लागतंय म्हणाली होती, तरी मी घातली. डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या, "हे आत्ता सांगता?" आणि पळतच आत गेल्या. आत धावपळ सुरू झाली. पोट धुवायची नळी घेऊन नर्स आत गेली, दार बंद झालं. तिघं त्या दाराकडं बघत उभे राहिले.

महारुद्र आला. धम्मशीलानं त्याला सांगितलं होतं, घाम पुसत आला. दगडाबाईनं त्याला सगळं सांगितलं, आणि मग डोळ्यांचंही सांगून टाकलं, आता लपवायचं काय राहिलं होतं? तो डोक्याला हात लावून बसला. "आता जिना बंद, आई," म्हणाला. तिनं मान हलवली. एरवी ज्या गोष्टीला ती एवढी भ्याली होती ती झाली, आणि तिला काही वाटलंसुद्धा नाही. तिचा सगळा जीव त्या बंद दारामागं होता. ती घरी जायला तयार झाली नाही. देवाचं नाव घ्यावं असंही तिला वाटेना.

सकाळी दार उघडलं. डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि अर्पिताच्या पोटावर यंत्र ठेवलं. खोलीभर धडधड, धडधड आवाज घुमला, घोडा पळावा तसा. "बाळ ठीक आहे," त्या म्हणाल्या. योगीराज भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले. दगडाबाईनं खाटेचा दांडा धरला.

अर्पितानं डोळे उघडले. एकेकाकडं बघितलं, आईला ओळखलं, दगडाबाईला ओळखलं. ओठ सुकून पापुद्रे निघाले होते. रात्रीचं तिला काही आठवत नव्हतं, कुणी काय केलं ते तिला ठाऊक नव्हतं.

"आई, पाणी."

टेबलावर भरलेला ग्लास होता. कुसुमनं तो उचलला. खाटेपर्यंत आणला आणि तिथंच थांबली. ती लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली, हात काही पुढं जाईना. तिनं वळून ग्लास दगडाबाईपुढं धरला. "आक्का, तुमी पाजा."

दगडाबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

अर्पिता दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. तिला काही कळेना. शेवटी तिनंच कोपरावर उठून, सलाईनची नळी सांभाळत, आईच्या हातातला ग्लास घेतला आणि स्वतःच्या हातानं प्याली.